आबालाल रहिमान यांचे पाणी

मुस्लिम मराठी साहित्याच्या व्यासपीठावर एक यादी नेहमी वाचली जाते. शेख महंमद, शहामुनी यांच्यापासून ती सुरू होते, बार्शीच्या शाहीर अमर शेखांपाशी थोडी थांबते, पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे नाव घेते आणि मध्येच कुठेतरी ‘कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान’ असे म्हणून पुढे सरकते. १९९० साली आमच्या सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आम्ही पाळण्यात होतो. त्यामुळे ही यादी आम्हाला आयतीच मिळाली. आम्हीही ती दोन-तीन वेळा मोठ्या आवाजात वाचली आहे, टाळ्याही घेतल्या आहेत.

आमची अडचण झाली ती वर्गात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एका कार्यक्रमाची तयारी करून घेताना हीच यादी मुलांकडून पाठ करून घेत होतो. आठवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, तुमे देखे क्या उनके तस्वीरां?” आम्ही पाहिली नव्हती. आबालाल कोल्हापूरचे, शाहू महाराजांच्या दरबारचे, त्यांनी म्हणे आपली चित्रे तळ्यात बुडवली, एवढे आम्हाला ठाऊक होते. म्हणजे चित्रकाराबद्दल चित्र सोडून बाकी सगळे ठाऊक होते. आमच्याच समाजातल्या शिकल्यासवरल्या मंडळींना नंतर विचारले, तेव्हा त्यांचीही गत आमच्यापेक्षा वेगळी दिसली नाही. हा लेख त्या मुलाच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. आम्ही चित्रकलेचे जाणकार नाही. बी.एड.ला फळ्यावर आकृती कशी काढावी एवढेच आम्हाला शिकवले गेले. तरी डोळे आहेत आणि बोरूने लिहिण्याचा थोडा सराव आहे, या भांडवलावर लिहीत आहोत.

उन्हाळ्याच्या सुटीत एस.टी.ने पंढरपूर, सांगोला, मिरज करत कोल्हापूर गाठले. चित्रांच्या आधी तळे पाहावे असे ठरवले होते. कोटितीर्थ आता भर वस्तीत आहे. शेजारी शाहू मिल. सोलापूरच्या माणसाची नजर कुठल्याही गावात आधी गिरणीकडे जाते, कारण आमच्या गावाची गेल्या दीडशे वर्षांची कुंडली १८७७ च्या जुन्या गिरणीने लिहिली आणि ती गिरणीही बंद पडली. शाहू मिलची सुरुवात १९०६ ची. म्हणजे या तळ्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या आबालाल यांनी ती गिरणी उभी राहताना पाहिली असणार. हे मनात ठेवून आम्ही टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात गेलो. कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रे तिथे आहेत, त्यांत आबालाल यांचीही आहेत.

पहिली गोष्ट लक्षात येते ती आकाराची. दरबारी चित्रकार म्हटला की भिंतभर कॅनव्हास, सोनेरी चौकट असे काही आपण मनात धरतो. आबालाल यांची जलरंगातली निसर्गचित्रे लहान आहेत. हातात धरून पाहावीत अशी. दूर उभे राहून त्यांच्याकडून काही मिळत नाही. जवळ जावे लागते, आणि जवळ गेले की झाड विरघळून नुसते कुंचल्याचे ठिपके उरतात. पुन्हा मागे सरकावे लागते. असे पुढे-मागे करण्यात आमचा पाऊण तास गेला.

आणि दुसरी गोष्ट, पाणी. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना या माणसाच्या उशाशी अरबी समुद्र होता. बंदर होते, गलबते होती, किनाऱ्यावर हवा तेवढा देखावा होता. त्यांच्याच गावचे एम. के. परांडेकर पुढे जलरंगातील निसर्गचित्रांसाठीच मुंबईत नावारूपाला आले. आबालाल मात्र समुद्र मागे टाकून गावच्या तळ्याशी परतले आणि आयुष्यभर त्याच काठावर बसले. आम्हा सोलापूरकरांना हे लवकर समजते. समुद्र आम्ही सहलीला जाऊन पाहतो. किनारा म्हणजे आमच्यासाठी सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्या, कंबर तलावाची पाळ, फार तर हिप्परग्याचा एकरुख तलाव. समुद्राचे पाणी दुसऱ्या तीराचे काही सांगत नाही. तळ्याला समोर काठ असतो, काठावर झाड असते आणि ते झाड पाण्यात उलटे उभे असते. आबालाल यांचे खरे चित्र या उलट्या झाडात आहे.

यासाठी जलरंग कसा चालतो हे थोडे सांगावे लागेल. तैलरंगात उजेड वरून लावता येतो. पांढरा रंग घेतला, चोपडला, झाला उजेड. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. जिथे उजेड हवा तिथे चित्रकाराने काही करायचे नसते. आधी फिकट वॉश, तो वाळला की त्यावर गडद, आणि गडद एकदा बसला की मागे फिरणे नाही. पुसायला गेले तर कागदावर वण राहतो. म्हणून जलरंगाचा चित्रकार आरंभालाच शेवट ठरवून बसलेला असतो. त्यात पाण्याचे चित्र आणखी कठीण. काठावरची गडद वस्तू पाण्यात किंचित उजळ दिसते, उजळ वस्तू किंचित मळते. हा एका छटेचा फरक चुकला की पाण्याचा आरसा होतो किंवा चिखल होतो. आबालाल यांच्या चांगल्या चित्रांत तो फरक चुकत नाही. झाड ठिपक्याठिपक्यांनी बांधलेले, आणि त्याचे प्रतिबिंब मात्र ओल्या कागदावर सोडून दिलेले. वरचे झाड केलेले वाटते, खालचे आपोआप झालेले. दोन्हींमध्ये काठाची बारीक रेघ. काही ठिकाणी ती रेघ म्हणजे नुसता सोडलेला कागद आहे.

हवेचाही यात वाटा आहे, हे कोल्हापूरला पोचल्यावर कळते. आमच्याकडे एप्रिलात वॉश टाकला तर कागदाच्या दुसऱ्या टोकाला ब्रश पोचेपर्यंत पहिले टोक वाळून जाते. कोल्हापूरच्या सकाळीत ओल आहे. तिथे रंगाला पसरायला सवड मिळते. आबालाल यांच्या चित्रांतला जो मऊपणा गूढ, आध्यात्मिक वगैरे म्हणून वाखाणला जातो, त्यातला काही भाग सरळ पंचगंगेच्या खोऱ्यातल्या दमट हवेचा आहे असे आमचे मत झाले. त्याने आबालाल यांचा मोठेपणा कमी होत नाही. हवा सगळ्यांनाच मिळते.

आता हाताविषयी. आबालाल यांचे घराणे कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणाऱ्यांचे, कातिबांचे, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. चरित्रकार ही गोष्ट घराण्याची पुण्याई म्हणून सांगतात आणि लगेच मुंबईकडे वळतात. आम्हाला वाटते की इथे थांबायला हवे. किताबतीत काय लागते? कागद मोहऱ्याने घोटून गुळगुळीत करायचा, शाई पातळ नको, घट्ट नको, बोरूचा कत तिरका कापायचा आणि हरफ एका दमात उतरवायचा. अलिफ पुन्हा गिरवता येत नाही. गिरवला की जाणत्याला दिसतोच. कलामे-पाक लिहिताना तर चूक ही नुसती चूक राहत नाही. शिवाय कातिबाला अक्षराइतकीच कोऱ्या जागेची काळजी असते. दोन ओळींमधले अंतर, ‘नून’च्या पोटातली पोकळी, हाशियाची रुंदी. ज्या घरात पाळण्यापासून हे पाहायला मिळाले त्या घरातल्या मुलाला जलरंगाने वेगळे काय शिकवायचे होते? कागद कोरा सोडण्याची हिंमत त्याच्या घरचीच होती.

आम्ही स्वतः तख्तीवर मुलतानी माती सारवून लिहायला शिकलो, म्हणून आम्हाला सगळीकडे बोरू दिसतो, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा. पण ज्यांना आबालाल यांच्या चित्रात फक्त विलायती जलरंगाची परंपरा दिसते त्यांनीही एकदा जुन्या हस्तलिखित कुराणाचे पान शेजारी ठेवून पाहावे.

विलायती परंपरा होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. आबालाल जे. जे.मध्ये शिकले तो काळ जॉन ग्रिफिथ्स यांचा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करून घेणारे हेच ग्रिफिथ्स. त्याच वर्षांत जवळच व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत पुरी होत होती आणि तिच्या कोरीवकामाला जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात लागला होता. शिस्त कडक होती: आधी ठोकळे, मग प्लास्टरचे पुतळे, मग समोर बसवलेला माणूस. आबालाल या शिस्तीत अव्वल ठरले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. कोल्हापूरसारख्या संस्थानातून आलेल्या, कातिबाच्या घरातल्या मुलाला. त्या काळी पदक म्हणजे मुंबईत राहण्याचा परवानाच. संस्थानिकांची व्यक्तिचित्रे, शेठजींच्या हवेल्या, सरकारी कामे, सगळी दारे त्याने उघडली असती.

ही दारे कुठे नेतात हे कोल्हापूरच्याच दुसऱ्या मुलाने दाखवले आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७ चा, कोल्हापूरचाच. ते १८९० मध्ये जे. जे.त दाखल झाले आणि १९३१ पर्यंत तिथेच राहिले. आधी विद्यार्थी, मग शिक्षक. रावबहादूर झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक लिहून त्यांनी स्वतःचा हिशेबही मांडून ठेवला. ते जे. जे.तून निवृत्त झाले त्याच १९३१ साली कोल्हापुरात आबालाल वारले. त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत, संस्था काढली नाही. कारकीर्द हा शब्द धुरंधरांना जसा बसतो तसा आबालाल यांना बसत नाही. त्यांच्या बाबतीत असे म्हणावे लागते की पदक घेतले, गावी आले आणि तळ्याकाठी बसून राहिले. वर्षानुवर्षे.

पूर्ण बसून राहिले असेही नाही. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात घेतले. महाराजांचा गुणी माणूस ओळखण्याचा हातखंडा होता. त्याच दरबारात उस्ताद अल्लादिया खाँसाहेब होते. याच राजाने १९०६ मध्ये कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था आणि वसतिगृह उभे केले. आबालाल यांनी महाराजांसाठी शिकारीचे प्रसंग रंगवले. हे नीट लक्षात घ्यायला हवे, कारण आमच्यातच एक समजूत पसरलेली आहे. ती अशी की आबालाल मुसलमान होते, जिवंत प्राण्यांची तस्वीर त्यांना रुचत नव्हती, म्हणून ते झाडा-पाण्याकडे वळले. असे सांगणाऱ्यांना त्यात आबालाल यांचा गौरव वाटतो. पण जे. जे.मधल्या त्यांच्या अभ्यासचित्रांत माणसांचे चेहरे आहेत, आणि शिकारीचे चित्र जनावराशिवाय होत नाही. माणूस आणि प्राणी त्यांना येत होते, त्यांनी ते काढले. मग ते तळ्याकडे गेले ते कुठल्या मनाईमुळे गेले नाहीत, तळे पाहावेसे वाटले म्हणून गेले. धर्माच्या भीतीने केलेली निवड आणि आवडीने केलेली निवड यांत फरक आहे. आबालाल यांची निवड आपण पहिल्या खात्यात टाकली तर त्यांच्यावर अन्याय होतो, आणि आमच्या वर्गातल्या मुलांवरही होतो. त्याकडे पुढे येऊ.

दुसरी दंतकथा बुडवण्याची. १९२२ साली महाराज गेले. त्या दुःखात आबालाल यांनी आपल्या चित्रांचे गठ्ठे कोटितीर्थात सोडून दिले, असे कोल्हापुरात सांगतात. गोष्ट सुंदर आहे. ज्या पाण्यावरून चित्र काढले त्याच पाण्यात कागद गेला, रंग सुटला, पाण्याचे पाण्याला मिळाले. आम्हीही ही गोष्ट मुलांना डोळे मिटून सांगत होतो. तळ्याच्या काठावर उभे राहिल्यावर मात्र तिच्याविषयी मन साशंक झाले. गोष्ट खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ती सगळ्यांच्या फार सोयीची आहे. चित्रे कुठे गेली, या प्रश्नाला एकच उत्तर, आणि ते चित्रकाराच्याच माथी. त्यांनीच बुडवली, मग वाळवीने किती खाल्ली, कोणाच्या माळ्यावर किती कुजली, कोणी कौतुकाने मागून नेली आणि उन्हाच्या भिंतीवर टांगली, हे विचारण्याची गरज उरत नाही.

उन्हाची भिंत हे आम्ही उगाच म्हटले नाही. जलरंगाला उजेड खातो. १८८८ साली, म्हणजे आबालाल यांना पदक मिळाले त्याच वर्षी, विलायतेत रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांचा जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. कित्येक रंग उजेडाने विटतात हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. कार्मिनसारखे तांबडे त्यांत पुढे असतात. म्हणजे संध्याकाळचे चित्र दिवाणखान्यात टांगून ठेवले तर आधी त्यातली संध्याकाळ जाते आणि निळसर दुपार मागे राहते. म्हणूनच आज जगभर संग्रहालयांत जलरंगाच्या चित्रांवर 50 लक्सहून जास्त उजेड पडू देऊ नये असा दंडक पाळतात. त्यात आपल्याकडचा पावसाळा, कागदावर येणारी बुरशी, चौकटीमागे लावलेला हलका पुठ्ठा. एवढे सगळे असताना तळ्याने किती चित्रे गिळली असतील?

या गोष्टीने आणखी एक नुकसान केले आहे. आबालाल यांना तिने अवलिया करून टाकले. अवलियाला आपण हात जोडतो, त्याचे काम तपासत नाही. ‘फकिरी वृत्तीचा कलावंत’ असे म्हटले की टीकाकाराची सुटका होते. अल्लादिया खाँसाहेबांचे असे झाले नाही. मूळचा आवाज गेल्यावर त्यांनी उरलेल्या आवाजातून नवी गायकी घडवली, हे गाणारे लोक आजही तांत्रिक बारकाव्यांसह सांगतात, भांडतात, गाऊन दाखवतात. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून ती पुढे गेली. त्याच दरबारातल्या आबालाल यांच्या रंगाबद्दल असे भांडणारे किती? बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी ही कोल्हापूरची मोठी माणसे त्यांना मानत, त्यांच्या कामाचा या मंडळींवर संस्कार झाला. पण बाबूरावांना सिनेमाने नेले. तसेही कागदावरचे चित्र शिष्याच्या गळ्यात उतरत नाही. ते पाहायला कोणीतरी जावे लागते.

जे पाहायला गेले त्यांतल्या काहींनी आबालाल यांची तुलना फ्रेंच इम्प्रेशनिस्टांशी केली. हेतू सन्मानाचा आहे आणि ठिपक्यांनी उजेड बांधण्याची पद्धत पाहता तुलना सुचणे साहजिकही आहे. आम्हाला मात्र ती उसना अंगरखा घातल्यासारखी वाटते. क्लोद मोने यांनी आपल्या बागेत तळे खणून घेतले, त्यात हवी ती कमळे लावली, देखभालीला माळी ठेवले आणि मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात ते रंगवले. कोटितीर्थ गावाचे तळे आहे. तिथे काय उगवावे, कोणी धुणे आपटावे, यावर चित्रकाराची सत्ता नव्हती. मोने यांच्या तळ्याला काठच हळूहळू नाहीसा होतो, उरते ते पाणी. आबालाल काठ सोडत नाहीत. त्यांना झाड आणि त्याची सावली दोन्ही हवीत. हा स्वभावातला फरक आहे, आणि तुलनेच्या गोडीत तो बुजून जातो.

कौतुक झाले, आता उणेही सांगितले पाहिजे. आम्ही पाहिलेल्या चित्रांत गिरणीचे धुराडे कुठे दिसले नाही. गिरणीत जाणारी माणसेही नाहीत. १८९६ पासून प्लेगने पश्चिम महाराष्ट्र उजाड केला, दुष्काळ आले, कोल्हापुरात वेदोक्ताचे प्रकरण पेटले, महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवल्या. तळ्याच्या पाण्यावर यातल्या कशाचाही तरंग नाही. निसर्गचित्रकाराकडून इतिहास मागू नये हे खरे. तरीही एकाच घटकेची, एकाच मऊपणाची पुनरावृत्ती काही चित्रांत खटकते. तिथे हात सरावाने चालला आहे, डोळा समोर नाही, असे वाटते. संध्याकाळ त्यांना फार आवडते आणि आवडती गोष्ट काढताना ते कधीकधी गोड होतात. याउलट सकाळचे, धुके अजून पाण्यावर आहे आणि काठ नीट उमटलेला नाही असे चित्र काढताना ते स्वतःला आवरतात. अशा ठिकाणी आम्हाला सर्वश्रेष्ठ आबालाल दिसले. आमच्या मते त्यांचे मोठेपण या आवरण्यात आहे, संध्याकाळच्या रंगात नाही.

आता वर्गाकडे येतो. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास आहे. कागदावर आहे. दहावीचे गणित मागे पडले की तो तास गणिताला जातो, आणि मागून घेणाऱ्यांत आम्हीही होतो. हे कोणावर ढकलण्यासारखे नाही. प्रश्न विचारणारा तो मुलगा एलिमेंटरीला बसला आणि चांगल्या श्रेणीत पास झाला. इंटरमीजिएटचा अर्ज भरण्याच्या वेळी त्याचे वडील भेटायला आले. यंत्रमागावर चादरी विणणारे गृहस्थ, रात्रपाळी करून आले होते. म्हणाले, “सर, तस्वीरां नक्को सिखाव, हिसाब सिखाव.” आम्हाला वाटले, आता मजहबची बात निघणार. आम्ही उत्तराच्या तयारीत होतो. ती निघालीच नाही. त्यांनी बोटांवर हिशेब मांडला: रंगाची पेटी, ब्रश, परीक्षेची फी, पोराचा बुडणारा वेळ. ज्या हातांनी चादरीची नक्षी रोज विणली जाते त्या हातांना चित्राचे वावडे असेल तरी कसे? आमचे ठेवणीतले उत्तर तसेच राहिले आणि आम्ही मान हलवली. अर्ज भरला गेला नाही. त्या महिन्यात तो तासही गणितालाच गेला होता, हे त्या वडिलांना आम्ही सांगितले नाही.

कोल्हापूरहून परत आल्यावर आबालाल यांच्या कोटितीर्थाच्या चित्राची एक छापील प्रत वर्गात नेली. दंतकथा सांगितली नाही, पदकाचे सांगितले नाही. नुसते चित्र बाकांवरून फिरवले आणि काय दिसते ते लिहा म्हणालो. बहुतेकांनी झाड लिहिले, तळे लिहिले. एकीने ‘शाम का वक्त’ लिहिले, ते चूक होते. त्या मुलाने प्रत बराच वेळ ठेवून घेतली. मग म्हणाला, “सर, पानी कू तो रंगच नै लगाए इनो.” आम्ही प्रत हातात घेऊन पुन्हा पाहिले. तळ्याच्या मधोमध, जिथे आमच्या मते पाणी सगळ्यात जास्त पाणी होते, तिथे छापील कागद कोरा होता. संग्रहालयात पाऊण तास उभे राहूनही हे आम्हाला दिसले नव्हते. सोडलेला कागद आम्ही काठाच्या रेघेत पाहिला आणि तिथेच समाधान मानले. वर कातिब, बोरू, ‘नून’च्या पोटातली पोकळी यांचे जे विवेचन केले ते या मुलाच्या वाक्यानंतर सुचलेले आहे, हेही कबूल करून टाकतो.

सध्या चित्रकलेचा तास चित्रकलेलाच जातो. महिन्यातून एका शनिवारी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर मुले बसवतो. कागद साधे, रंग पुड्यांचे. उन्हात वॉश वाळतो, मुले वैतागतात, मग दोघे मिळून एक कागद ओला करतात आणि तिसरा रंग सोडतो. ही युक्ती त्यांची त्यांनीच काढली. येत्या दिवाळीच्या सुटीत कोल्हापूरला न्यायचे ठरले आहे. आधी कोटितीर्थ, मग टाऊन हॉल. एस.टी.च्या सवलतीचा अर्ज दिला आहे. पालकांची अकरा संमतीपत्रे हातात आली. बारावे यायचे आहे. त्यासाठी उद्या रात्रपाळी सुटायच्या वेळी आम्हीच कारखान्यावर जाणार आहोत, आणि या वेळी हिशेब आम्ही लिहून नेणार आहोत. तो बुडालेला तासही त्यात मांडला आहे.